नरहररावांचा खंदक

“हा खंदक नाही रे, ही नाली झाली,” नरहरराव म्हणाले आणि हातातला तुकडा खाली ठेवला.

हेमंत ओशाळून हसला. अवधपुरीत नरहररावांच्या शेजारच्या गॅरेजमध्ये तो टेबलावर खेळायच्या लढाईसाठी तयार खंदक बनवायचा. वीतभर लांबीचे तुकडे. एकाला एक जोडले की टेबलभर रणांगण, आणि त्यात बोटाच्या पेराएवढे सैनिक. गिऱ्हाइकांचीही तीच तक्रार होती. भिंती फार गुळगुळीत येतात, मातीसारख्या वाटतच नाहीत.

नरहररावांनी एका कारखान्याच्या फाउंड्रीत चौतीस वर्षं वाळूचे साचे केले होते. एकेका साच्यावर आठ आठ दिवस राबायचं, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, आणि ते निवलं की साचा फोडून टाकायचा. माल रेल्वेने कुठल्या कुठे जायचा. त्यांच्या हातचं मागे काही उरायचं नाही. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटायचं ते उजव्या हाताचं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि तो हात कापू लागला. तेव्हापासून ते चारचौघांत चहासुद्धा घेत नसत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते साचे कोरायची जुनी करणी खिशात घालून गॅरेजात आले आणि ओल्या वाळूत उलटा खंदक कोरू लागले. हात थरथरला, कड ढासळली. त्यांनी करणी बाजूला ठेवली.

“नाही जमत आता.”

“काका, राहू द्या ते तसंच,” हेमंत हलकेच म्हणाला. “तोफेचा गोळा पडल्यावर अशीच ढासळेल ना कड?”

नरहररावांनी वाकून पाहिलं. मग करणी पुन्हा उचलली, आणि जिथे हात कापला तिथे कापू दिला. चार दिवस दुपारभर ते काम चाललं. शेवटी खंदकाच्या भिंतीत एका सैनिकाला अंग चोरून बसता येईल एवढा कोनाडा त्यांनी स्वतःच्या मनाने काढला. हेमंतने वाळूत प्लास्टर ओतलं, निघालेल्या नमुन्यावरून रबराचा साचा केला, आणि त्यातून महिनाभरात शंभरेक तुकडे बाहेर पडले.

नेहरू नगरच्या एका हॉलमध्ये या खेळाचा सामना होता, तिथे हेमंत नरहररावांना आणि त्यांच्या बायकोला, सिंधूताईंना, घेऊन गेला. टेबलभर तोच खंदक पसरला होता. नरहररावांनी कडेवरून बोट फिरवलं, तोच एक खेळाडू म्हणाला, “अंकल, हाथ मत लगाइए, टूट जाएगा।”

हेमंत काही सांगायला पुढे झाला. नरहररावांनी मान हलवून त्याला थांबवलं आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

तासाभराने त्या खेळाडूचा एकच सैनिक उरला. समोरच्याने पट्टी लावून नेम मोजला. सैनिक कोनाड्यात होता. नेम बसत नव्हता.

“बच गया,” खेळाडू पुटपुटला.

नरहररावांनी सिंधूताईंकडे पाहिलं. सिंधूताईंनी मघापासून धरून ठेवलेली खुर्ची त्यांच्यामागे सरकवली. ते बसले नाहीत, कोनाड्यातल्या सैनिकाकडे पाहत उभेच राहिले.