ठमीनं औषधाला ऊब दिली

या, असे जवळ सरका. गोष्ट प्रवचनातली नाही, बाजारातली आहे. पण देवाला बाजाराचं वावडं थोडंच आहे!

एक मावशी होती. तिच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, ती पट्टी बांधून पडलेली. बहिणीची चार पोरं घरी ठेवली तर आईच्याच अंगावर नाचतील, म्हणून मावशी चौघांना घेऊन कामांना निघाली. थोरली ती ताई. मधले जुळे कायम मावशीच्या दोन बाजूंना, म्हणून घरात त्यांना डावा आणि उजवाच म्हणत. शेंडेफळ ठमी.

मावशीची एक रीत होती: प्रत्येक पोराच्या हातात एक वस्तू द्यायची. "हात रिकामा, तर पोर भरकटलंच समजा," ती म्हणे. ताईकडे चपलांची पिशवी, उजव्याकडे छत्री, डाव्याकडे किल्ली. ठमीची मूठ झोपेतही सुटत नसे, म्हणून आईच्या डोळ्याच्या औषधाची बाटली तिच्याकडे.

"थेंब बर्फाच्या पिशवीतच राहू द्या," औषधवाल्यानं बजावलं होतं. "तापले की निकामी. असले थेंब घातले तर डोळा चिघळेल."

मग मोचीकडे बैठक झाली. उजव्यानं डाव्याला छत्री टोचली, डाव्यानं किल्ली गिळायची धमकी दिली, मोची म्हणाला, "बाई, ही चार पोरं की चाळीस?" चपला शिवून झाल्यावर वरात पोस्टात गेली. तिथल्या रांगेत मावशीचं लक्ष गेलं, तर ठमीच्या हातात नुसती बर्फाची पिशवी, आणि फ्रॉकला पुढं फुगवटा.

"ठमे, औषध कुठाय?"

"पोटाशी. त्याला थंडी वाजत होती. आता नाही वाजत."

मावशी खाली वाकली. "कधी काढलंस गं?"

"आत्ताच!" ताईच आधी बोलली. "मी बघितलं ना, मावशी."

"हो हो, आत्ताच," डावा आणि उजवा. एरवी दोघांचं एकमत म्हणजे कपिलाषष्ठीचा योग.

मावशीचे पाय भरून आले होते. आत्ताच काढलं असेल तर पुन्हा बर्फात ठेवून सरळ घर गाठता आलं असतं. विश्वास ठेवावासा फार वाटला तिला. पण ती रांग सोडून बाहेर आली, पायरीवर टेकली आणि ठमीला मांडीवर घेतलं.

"हे आईच्या डोळ्यात घालायचंय, बाळा. मी रागावणार नाही. खरं सांग, कधी काढलंस?"

ठमीनं ताईकडे पाहिलं. ताईनं हळूच मान हलवली: नको सांगू. ठमीनं तोंड पुन्हा मावशीकडे वळवलं.

"मोचीकाका सुईत दोरा घालत होते ना, तेव्हा."

म्हणजे चार चपला शिवून होण्याआधी!

"मार बसेल?"

"नाही."

"ताईला?"

"तिलाही नाही."

वरात उलटी फिरली. औषधवाल्यानं बाटली गालाला लावली. "छे, कोमट झालीय. ही घालू नका." त्याच्याकडची ती शेवटची होती. त्यानं फोन फिरवले. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका दुकानात एक निघाली. तिथवर ठमी मावशीच्या कडेवर, उजवा भुकेनं रडवेला, आणि ताई न सांगता सगळ्यांचं ओझं उचलून पुढं. नवी बाटली मावशीनं स्वतःकडे ठेवली. रीत गेली खड्ड्यात!

संध्याकाळी थेंब डोळ्यात पडला तशी आई दचकली. "अगं बाई, किती गार!"

"त्याला गारच आवडतं," ठमीनं आईची समजूत काढली.

तेव्हा मंडळी, आज हात जोडाल, आपल्या माणसांसाठी मागून होईल, तेव्हा ठमीचीही आठवण काढा. खोटं तिच्यासाठी आयतं वाढून ठेवलं होतं, तिनं ताट परत केलं. आणि ताईला वगळू नका हं. तीही बहिणीपायीच बोलली होती.