कोरडी वीत

सोसायटीच्या पत्र्याच्या शेडपासून पाण्यापर्यंत त्या दिवशी एक हजार सातशे चाळीस पावलं भरली. केसरबाई रोज मोजायची, म्हणून तिला ठाऊक. माघात तेराशे होती. होळी झाली तेव्हा सोळाशे. माजलगावचं धरण मृतसाठ्यात गेलं होतं. पाणी रोज थोडं मागं सरत होतं आणि केसरबाईची वाट तेवढी लांबत होती. आधी भेगाळलेली जमीन, मग बाभळीची वठलेली खोडं, आणि शेवटची दोनशे पावलं गुडघाभर काळा गाळ.

वस्ती भोयांची. चाळीस घरांनी मिळून मच्छीमार सोसायटी काढली होती. एका घराला पाण्यावर एक वाटा, असा नेम. केसरबाईच्या घराचा वाटा पूर्वी तिचा नवरा सटवा आणि दीर सुग्रीव हे दोघं चालवायचे. चार वर्षांमागं सटवा धरणाच्या दगडी उतारावरून घसरला. तेव्हापासून त्याची कंबर धरली ती धरलीच. तो घरी बसून जाळी विणायचा, फाटलेली सांधायचा. सुग्रीव पोटासाठी ऊसतोडीला जाऊ लागला, तो सहा महिने कर्नाटकात. मग वाटा सोडायचा का? केसरबाईनं पदर खोचला, धाकट्या जावेला, मनकर्णेला, सोबत घेतलं आणि दोघी पाण्यावर जाऊ लागल्या. ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबा, त्यावर थर्माकोलचे तुकडे आणि वरून पोतं. ही त्यांची होडी.

त्या वर्षी सोसायटीला सरकारी योजनेतून ॲल्युमिनियमच्या पाच होड्या मंजूर झाल्या. ही बातमी चांगली होती, पण तिच्यात एक मेख होती. होड्या बनवणारा पंडित मिस्त्री म्हणाला, पाचही एकाच मापाच्या कापाव्या लागतील. कागदावर एकच माप मंजूर होणार होतं. ते माप ठरवून त्याच दिवशी सही करून द्यायचं होतं.

चेअरमन आप्पारावांचं माप ठरलेलंच होतं. सोळा फूट. चार गडी बसतील, जाळी मावतील, लाटेला दाद देणार नाही. आणि बायांचं काय, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा ते म्हणाले की बायांनी काठावर थांबावं, मासळी निवडावी, दिंद्रुडच्या बाजाराला न्यावी. घराचा वाटा कुठं जात नाही.

वाटा जात नव्हता, हे खरं. पण पाणी जात होतं. होडी पाण्यावर सोडली तर पत्रा चोरीला जाईल, म्हणून ती रोज शेडमध्ये आणून ठेवायची होती. सोळा फुटी होडी दोन बायांना उचलणं शक्य नव्हतं. ती चार गड्यांचीच राहणार आणि केसरबाई काठावर बसून दुसऱ्यानं धरलेली मासळी निवडणार. रात्रभर तिनं याचा विचार केला होता आणि सकाळी भाकरी थापताना तिचं ठरलं होतं. आपण दहा फूट मागायची.

पंडित मिस्त्रीनं टेम्पोतून नमुन्यासाठी एक दहा फुटी होडी आणलीच होती. शेडसमोर उतरवल्यावर ती उन्हात अशी चमकली की माणसं डोळ्यांवर हात धरून पाहू लागली. केसरबाईनं बैठकीत उठून आपलं म्हणणं मांडलं, तशी माणसं हसली.

"वहिनी," आप्पाराव म्हणाले, "ही होडी हाय का काथवट?"

"काथवटीतच भाकरी मळती, चेरमन," केसरबाई म्हणाली आणि खाली बसली नाही.

हशा झाला, पण आप्पाराव त्यात सामील झाले नाहीत. त्यांचा सोळाचा हट्ट नुसत्या तोऱ्यातून आलेला नव्हता. धरण काठोकाठ भरलं होतं त्या साली, भादव्यात, त्यांचा धाकटा भाऊ बद्रीनाथ नऊ फुटी लाकडी होडी घेऊन मधल्या पाण्यात गेला होता. वारं सुटलं. होडी दुपारी सापडली, बद्रीनाथ तिसऱ्या दिवशी. तेव्हापासून लहान होडी म्हटलं की आप्पारावांच्या कपाळाची शीर उठायची. केसरबाईला हे माहीत होतं. बद्रीनाथच्या मातीला तीही गेली होती. म्हणून ती वाद वाढवायला गेली नाही. ती एवढंच म्हणाली की बोलून माप ठरत नाही, पाण्यावर जाऊन बघू.

होडी पाण्यापर्यंत नेणार कोण, हा प्रश्न आला. गडी पुढं झाले, त्यांना तिनं थांबवलं. दोघी जावांनी डोक्यावर चुंबळी ठेवल्या, होडी पालथी घातली आणि उचलली. बेचाळीस किलो भरली होती, सोसायटीच्या मासळीच्या काट्यावर. पुढं केसरबाई, मागं मनकर्णा. गाळात पाय रुतले, पण एकदाही खाली न ठेवता दोघींनी ती पाण्याला लावली. मनकर्णेच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. माणसं मागं कोरड्यातच थांबली होती. गाळात पाय घालायची कुणाची तयारी नव्हती.

केसरबाईचा सासरा जुना भोई. त्याचा एक नेम होता. होडीत माणसं बसली, जाळं आलं, मासळी आली, आणि जाळं ओढायला सगळे एका अंगाला वाकले, तरी त्या अंगाचा काठ पाण्यावर वीतभर कोरडा राहिला पाहिजे. वीत राहिली तर घरी याल. नाही राहिली तर होडीत बसूच नका. सुनेला पहिल्यांदा पाण्यावर नेलं तेव्हा त्यानं तिचा पंजा होडीच्या काठाला टेकवून ही वीत दाखवली होती. केसरबाईनं आदल्या रात्री तीच वीत धरून हिशेब केला होता. आपण दोघी, मासळीचे दोन क्रेट आणि जाळं. जाळं किती? नऊ किलो. सटवानं विणून झाल्यावर काट्यावर घातलं होतं, तिला आठवत होतं.

दोघी होडीत बसल्या. पहाटे लावलेलं जाळं जवळच होतं. ओढायला लागल्या तसं त्याच्यासोबत सगळं वर येऊ लागलं. शेवाळ, शिंपले, चिखलाचे गोळे, बाभळीच्या काट्या. पाणी आटलेलं, तळ जवळ आलेला, त्यामुळं जाळं तळ खरवडूनच येत होतं. अर्धं जाळं होडीत आलं आणि दोघी एका अंगाला वाकल्या, तेव्हा केसरबाईनं सवयीनं हात खाली नेला.

वीत नव्हती. चार बोटं होती.

तिनं पुन्हा पाहिलं. चारच. नवं विणलेलं, कोरडं जाळं मोजलं होतं आपण. पाण्यातून येणारं जाळं कुणी मोजलंच नव्हतं. वस्तीतल्या सगळ्यांची जाळी अशीच मोजलेली, विणून झाल्यावर, कोरडी, कारण तेव्हाच मजुरी ठरते.

मनकर्णेनंही पाहिलं होतं. ती हळूच म्हणाली, "बाई, तिकडून कुनाला दिसत न्हाई. गप ऱ्हावा. दहा घेऊ आन् जपून वाकू."

केसरबाईनं किनाऱ्याकडं पाहिलं. माणसं दूर होती, उन्हात ठिपक्यांसारखी. खरंच कुणाला दिसलं नसतं. दहा मिळाली असती आणि पाणी आपलं राहिलं असतं. पण पावसाळा येणार होता, धरण भरणार होतं, आणि याच मापाच्या पाच होड्यांत वस्तीतली माणसं बसणार होती.

"जपून कितीदा वाकशील?" ती म्हणाली.

होडी पुन्हा शेडसमोर आल्यावर तिनं आधी ते ओलं जाळं काट्यावर घालायला लावलं. एकतीस किलो. मग सगळ्यांसमोर सांगितलं की दहाचं माप चुकलं. काठ चार बोटांवर येतो, वीत राहत नाही, आणि चूक तिची आहे, तिनं जाळं कोरडं धरलं. आप्पाराव तिच्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी टोपणाचं पेन काढलं आणि म्हणाले, चला, मग सोळा लिहू.

"थांबा," केसरबाई म्हणाली. "दहा चुकलं म्हंजी सोळा बरोबर हाय, असं कुटं हाय? माजं माप पान्यावर तपासलं. तुमचं वाटंवर तपासा."

हे बोलणं माणसांना पटलं. बोलण्यापेक्षा तिनं आपली चूक आपणच काट्यावर घातली, हे जास्त पटलं असावं.

तिनं पंडित मिस्त्रीला विचारलं, दोघी एका अंगाला वाकल्या, ओलं जाळं आणि मासळी आत असली, तरी वीत राहायला लांबी किती लागेल? मिस्त्री कमी बोलणारा माणूस. त्यानं काडीनं जमिनीवर दोन आकृत्या काढल्या. म्हणाला, नुसत्या लांबीनं होडी कलायची थांबत नाही, रुंदीही हवी. बारा फूट लांब आणि या नमुन्यापेक्षा वीतभर रुंद केली तर राहील. अकरात जमणार नाही, उगाच हो म्हणणार नाही. सोळा फुटीचं वजन किती, हेही तिनं विचारलं. एकशेदहा किलो. चौदाचं? अठ्ठ्याहत्तर. बाराचं अठ्ठावन्न.

शेडमधली बाज बाहेर काढली. बाजेवर वाळूची पोती चढवून, बाजेसकट काट्यावर एकशेदहा भरवले आणि चार तगडे गडी बोलावले. निघाले ऐटीत. बाभळींपर्यंत ठीक गेले. गाळात पोचले तसा पुढचा एक मांडीपर्यंत रुतला, बाज कलंडली, पोतं सुटून गाळात पडलं. चौघांनी दोनदा खाली ठेवून, एकमेकांना शिव्या देत, कशीबशी बाज पाण्याला टेकवली. आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की जाळं, क्रेट, वल्ही अजून शेडमध्येच आहेत.

"रोज दोनदा ही कसरत करायची म्हंजी आमी मासं कवा धरावं?" त्यातला एकजण धापा टाकत म्हणाला. मग कुणी सोळाचं नाव काढलं नाही.

अठ्ठ्याहत्तरचं ओझं जावांनी उचललं. बाभळींच्या पुढं शंभर पावलांवर मनकर्णेची मान लटपटली आणि केसरबाईनं स्वतःच खाली ठेवायला सांगितलं. चौदाही गेली. अठ्ठावन्नला त्या तीनदा थांबल्या, पण पोचल्या. येताना दोघींच्या पोटऱ्यांवर गाळ वाळून त्याचे पापुद्रे निघत होते.

मिस्त्रीनं कागद पुढं केला. आप्पारावांनी सही केली नाही. ते उठून नमुन्याच्या होडीजवळ गेले आणि काठावरून हात फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, हे सगळं दुष्काळाचं माप झालं. दुष्काळ सरल्यावर, भादव्यात, भरल्या धरणात ही होडी काय करील? मिस्त्रीनं सांगितलं की दोन्ही टोकांच्या बैठकीखाली हवेच्या बंद पेट्या ठेवतो, होडी पाण्यानं भरली तरी बुडणार नाही, माणसाला धरायला राहील. आप्पाराव ऐकत होते, पण त्यांचं समाधान झालेलं दिसत नव्हतं.

"वहिनी, वीत दावा," ते म्हणाले.

केसरबाईनं होडीच्या काठाला पंजा ताणून उभा टेकवला. आप्पारावांनी शेजारी आपला टेकवला. मोठा, राबलेला, रुंद पंजा. तो तिच्यापेक्षा दोन बोटं खाली उतरत होता.

"वीत तुमची धरायची न्हाई. माजी धरायची," ते म्हणाले. "बद्रीच्या होडीला तुमच्यायेवढी होती. मी सवता बघितलती, निघताना."

केसरबाईनं मिस्त्रीकडं पाहिलं. त्यानं मनाशी आकडेमोड केली आणि सांगितलं की बाजू सगळीकडून दोन बोटं उंच करायची तर पाच किलो पत्रा वाढेल. म्हणजे त्रेसष्ट.

मनकर्णेनं डोळे मिटून घेतले. तिच्या मानेवर चुंबळीचा लाल वळ उठला होता. केसरबाई काट्यापाशी गेली, तिथलं पाच किलोचं लोखंडी वजन उचललं आणि परत आणलेल्या अठ्ठावन्नच्या बाजेवर, बरोबर मध्यावर, ठेवलं.

"चेरमनची वीत बरोबर हाय," ती म्हणाली. "पन मला उचलता आली तरच तिचा उपेग. उचल, मनकर्णा."

दोघी निघाल्या. या वेळी माणसं शेडमध्ये थांबली नाहीत, मागून चालत आली. आप्पारावांनी चपला काढून हातात घेतल्या होत्या. पहिला थांबा बाभळींच्या अलीकडं घ्यावा लागला, दुसरा लगेच पुढं. गाळाच्या तोंडाशी तिसरा. तिथं मनकर्णा म्हणाली की आता पुढं मी होते, तुम्ही मागं या. जागा बदलल्या. गाळात केसरबाई एकेक पाऊल मोठ्यानं मोजत राहिली आणि मनकर्णा त्या मोजणीवर पाय उचलत गेली. एकशे नव्वद. दोनशे. पाणी घोट्याला लागलं.

आप्पाराव मागं गाळात उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत काळं झालेलं. त्यांनी मिस्त्रीला हाक मारून सांगितलं की बारा फूट लिहा, बाजू दोन बोटं उंच, आणि कागद इकडंच आणा.

केसरबाईनं मात्र बाज खाली ठेवली नव्हती. तिनं मागूनच बाज डावीकडं वळवली आणि ती काठाकाठानं गाळातून पुढं रेटू लागली.

"आता कुटं?" मनकर्णा पुढून म्हणाली. "पानी आलं की."

"हे आजचं पानी," केसरबाई म्हणाली. "मिरगापतुर अजून दोनशे पावलं मागं जाईल. ती बी चालून बघू." आणि तिनं मोजणी पुन्हा एकपासून सुरू केली.