बप्पांची माळ आणि माझी बॅटरी

मित्रांनो, इंदूरच्या पलासिया भागातल्या त्या विम्याच्या ऑफिसात गेलात, तर भिंतीवरच्या पिवळट पेटीला विजेचं मीटर समजू नका. तो मी आहे, तिथला जुना टेलिफोन एक्सचेंज. बाहेरून आलेला फोन हव्या त्या टेबलावर पोचवायचा, हे माझं काम.

जन्मलो तेव्हा मी इतका पांढराशुभ्र होतो, की कारखान्यातल्या मांजरी दूध समजून मला चाटायला यायच्या. खोटं वाटत असेल तर मांजरींना विचारा. इंदुरात आलो तेव्हा मालोजीरावांनी, म्हणजे सध्याच्या यशवर्धनसाहेबांच्या वडिलांनी, मला हार घातला, पेढे वाटले. मीही ऑफिसचं नाव काढलं. एका पावसाळ्यात माझ्या तारा अशा गुंतल्या, की छत्रीबागेतल्या एका आजोबांनी वाण्याला दिलेली पोह्यांची ऑर्डर थेट आमच्या क्लेमवाल्यांकडे आली, आणि त्यांनी ती तिथल्या तिथे मंजूर केली! दुसरा कुठलाही क्लेम इतक्या झटपट मंजूर झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पण माझी खरी सोबतीण शलाका, आमची ऑपरेटर. तिला डोळ्यांनी दिसत नाही. माझ्या फोनच्या पाचाच्या बटणावर बारीक उंचवटा आहे. तो बोटाला लागला, की सगळं ऑफिस तिच्या हाताखाली येतं.

मग माझे दिवस फिरले. लाइट गेली की मी गप्प. लोकांचं बोलणं अर्ध्यात तुटायचं. नवी बॅटरी घातली, तरी काही दिवसांत पुन्हा तेच. "म्हातारा सटकलाय," म्हणून जो तो मला टपली मारून जायचा.

एक दिवस यशवर्धनसाहेब म्हणाले, "शलाकाजी, एकदा शेवटची सर्व्हिसिंग करून बघतो. नाहीच जमलं, तर टचस्क्रीनवाला घेऊन टाकू."

"सर, त्या काचेवर मला बटण कसं सापडणार?"

साहेब घुटमळले. "तुमच्यासाठी दुसरं काहीतरी काम बघू ना."

ते 'काहीतरी' म्हणजे नक्की काय, ते साहेबांनाही ठाऊक नव्हतं.

रविवारी मेकॅनिक सुजय आला. सुट्टी असून शलाकाही आली. "घरी आराम करायचा ना," साहेब म्हणाले. "घरी बसले असते, तरी कान इथेच राहिले असते," ती म्हणाली.

सुजय कामाचा पक्का. त्यानं आधी माझी सगळी आठवण, म्हणजे कुठला नंबर कुठल्या टेबलाचा, ते लॅपटॉपमध्ये उतरवून घेतलं. कोणी बोलत नाही ना, ते पाहिलं. मग माझं बटण बंद केलं, भिंतीचा मेन बंद केला, आणि पेटी उघडायला हात घातला तोच थबकला.

"भिया," तो अस्सल इंदुरी थाटात साहेबांना म्हणाला, "मेन बंद आहे, मग ही माळ कशी काय चमकतेय?"

माझ्या डोक्यावर खजरान्याच्या गणपतीची तसबीर आहे, आणि तिच्याभोवती बारक्या बल्बांची माळ. सुजयनं तारेचा माग काढला. तार थेट माझ्या बॅटरीत शिरली होती!

"पिताजींनी जोडलीय ती," साहेब म्हणाले. "लाइट गेली तरी बप्पांपुढे अंधार नको म्हणून."

"म्हणजे बॅटरी एक्सचेंजची, आणि लाइट गेली की पिऊन टाकते ही माळ! ही काढावी लागेल, सर. साफसफाईसाठी बॅटरीही सोडवायला हवी; ती जोडलेली असताना आतलं सर्किटचं कार्ड ओढलं, तर ते जळायचं."

"नाही हं! पिताजींच्या हातची बत्ती मी नाही बुझवणार. असंच कर ना काहीतरी."

"असंच केलं तर सोमवारी नवीनच घ्या."

कोणाचाच हात पुढे होईना. माझा जीव त्या दोन तारांत अडकलेला.

तेवढ्यात शलाका हळूच म्हणाली, "सर, पिताजींना उजेड हवा होता ना? मग बप्पांना माझ्या टेबलावर आणा. आधी तुपाचं निरांजन लावू, मग माळ काढू. अंधार व्हायचाच नाही. आणि खरं सांगू? आपल्या बॅटरीवर दिवस काढायची पाळी बप्पांवर अजून आलेली नाही."

साहेब आधी गंभीर झाले, मग खो खो हसले. त्यांनी स्वतः तसबीर उतरवली, निरांजन लावलं, हात जोडले आणि सुजयकडे बघून मान डोलावली. माळ निघाली. बॅटरीची तार सुटली. मित्रांनो, मी झोपलो. आयुष्यात पहिल्यांदा, नीट.

जाग आली तेव्हा अंगावरची धूळ गेली होती, कार्डं लखलखत होती, पोटात नवी बॅटरी होती. साहेबांनी आतल्या टेबलावरून फोन लावला, आणि बोलता बोलता मुद्दाम मेन पाडला.

"शलाकाजी, ऐकू येतंय?"

"स्वच्छ! आणि सर, त्या टचस्क्रीनचं काय?"

"कुठली टचस्क्रीन?" साहेब म्हणाले.

तर मित्रांनो, एखादा म्हातारा लवकर दमायला लागला, तर त्याला भंगारात काढण्याआधी त्याच्या जिवावर कोण जगतंय, ते जरा बघा. आणि आम्हांला झोपवायचंच असेल, तर आमचं चालू बोलणं आधी पुरं होऊ द्या. मग हळूच, एकेक तार सोडवा. आम्ही पुन्हा उठतो.