पहिल्याच भावाला

अत्तरवाल्यांच्या गल्लीत खमीसीने पहिल्याच भावाला पैसे काढून दिले, तेव्हा झुलेखाला वाटलं, आपण गर्दीत चुकून दुसऱ्याच कुणाचा तरी हात धरून चाललोय.

दुकानदाराने जिरॅनियमच्या पाण्याची बाटली उंच धरून भाव सांगितला होता, तोही असा की सांगताना त्याचं त्यालाच हसू येत होतं. आता ट्यूनिसच्या बाजारात सांगितलेला भाव कोणी देतं का? सांगायचा असतो म्हणून सांगतात. मग गिऱ्हाइकाने कपाळाला हात लावायचा, दुकानदाराने पोराबाळांच्या शपथा घ्यायच्या, दोघांनी एकमेकांच्या गावाची चौकशी करायची, आणि मग कुठे खऱ्या भावाला हात घालायचा. खमीसीने यातलं काही म्हणजे काही केलं नाही. पाकीट काढलं, नोटा दिल्या, बाटली झुलेखाच्या पिशवीत टाकली. दुकानदार बिचारा हिरमुसला. शपथा घ्यायला तो अगदी तयार होऊन बसला होता.

"काय रे, बरं आहे ना तुला?" गल्लीच्या वळणावर झुलेखाने विचारलं.

"तुला हवी होती ना ती?"

"हवी होती म्हणून काय स्वतःला लुटून घ्यायचं?"

"जाऊ दे गं. म्हातारपणी कसली घासाघीस."

म्हातारपणी! अहो, हे बोलतंय कोण, तर खमीसी! घरी, अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाईनच्या भाजीबाजारात, हा माणूस दिसला की कोथिंबीरवाले जुड्या झाकून ठेवत. टपालखात्यातून निवृत्त झाल्यापासून तर त्याला दुसरा उद्योगच उरला नव्हता. न्हाव्याशी तो डोक्यावर उरलेल्या केसांच्या हिशेबाने भाव करायचा. त्याने आयुष्यात एकच भाव न कुरकुरता मान्य केला होता. लग्नाच्या बैठकीत झुलेखाच्या वडिलांनी मेहर, म्हणजे नवऱ्याने नवरीला द्यायचा पैसा, सांगितला, तोही जरा चढवूनच, कारण पोराची ख्याती त्यांच्या कानावर आली होती. खमीसी लगेच "कबूल" म्हणाला. त्याची आई घरी जाऊन दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

त्या लग्नानंतर दोघं इथेच आली होती, ट्यूनिसला. तेव्हा आगगाडी सरहद्द ओलांडून थेट इथवर यायची. झुलेखाने घराबाहेर पहिल्यांदा जेवण केलं ते इथे, समुद्राच्या वेशीजवळच्या एका खोपट्यात. तळलेली ब्रिक, म्हणजे अंडं भरलेली पातळ पारीची घडी, चावली आणि आतलं कच्चं अंडं फुटून खमीसीच्या लग्नातल्या कोटावर ओघळलं. त्याने त्यावरूनही भाव पाडून घेतला. "आमच्याकडे अंडं शिजवून देतात," म्हणाला. आपण हसावं की लाजावं हेच तेव्हा झुलेखाला कळेना.

परवापासून मात्र ती बघेल ते तो घेत सुटला होता. चपलांच्या गल्लीत तिची नजर एका पिवळ्या जोडावर जरा रेंगाळली, तर जोड पिशवीत. लाल लोकरी टोप्यांच्या गल्लीत ती नातवाबद्दल सहज काही बोलली, तर टोपी पिशवीत. जैतूना मशिदीच्या पायऱ्यांवर दम खायला बसली, तर हा जाऊन रेशमी शाल घेऊन आला. पहिल्या दिवशी तिला मजा वाटली, काल राग आला. आज त्या बाटलीनंतर मात्र तिला भीती वाटायला लागली.

ती दोघं सहलीला म्हणून आलेलीच नव्हती. गेले काही महिने तिच्या पोटात दुखत होतं, अंगावरचे कपडे ढगळ होत चालले होते, म्हणून मुलाने, नझीमने, इथल्या एका दवाखान्यात वेळ घेऊन दिली होती. सगळे अल्जीरियावाले येतात तसेच तेही सरहद्दीवरून टॅक्सीने आले. तपासण्या झाल्या. मग डॉक्टर खमीसीला घेऊन बाहेरच्या व्हरांड्यात गेले आणि दार ओढून घेतलं. परत आला तेव्हा खमीसी म्हणाला, "रक्त कमी आहे. गोळ्या दिल्यात." आणि मग, जणू आत्ताच सुचलं म्हणून, "आलोच आहोत तर राहू की चार दिवस. लग्नानंतर फिरलो तसे फिरू."

ती वेडी तेव्हा खूश झाली होती.

दुपारी ते छोट्या आगगाडीने सीदी बू सईदच्या टेकडीकडे निघाले. गाडी तळ्याच्या मधून जाते, दोन्ही बाजूंना पाणी. लग्नानंतर आले तेव्हाही अशीच खिडकी तिची होती आणि खमीसी उभा होता, तिच्यावर कुणाचा धक्का येऊ नये म्हणून हात आडवा धरून. आज तो शेजारी बसला होता आणि मोबाईल खिशातल्या खिशात दाबून बंद करत होता. नझीमचा फोन. एरवी आठवड्यातून एकदा आईची आठवण काढणारा मुलगा आता दिवसातून तीनदा फोन करत होता, आणि तोही बापाला.

"उचल की," ती म्हणाली.

"उचलतो नंतर. इथे आवाज येत नाही."

आवाज सगळ्या डब्याला येत होता. पलीकडची बाई तर फोनवर सुनेची अख्खी कहाणी सांगत होती.

टेकडीवर तीच पांढरी घरं होती, निळी दारं, आणि कोपऱ्यावर साखरेत घोळवलेलं गरम बंबलूनी तळणाऱ्यापुढची तीच रांग. तिने एक घास खाल्ला, उरलेलं कागदात गुंडाळलं. खमीसीने ते पाहिलं आणि समुद्राकडे तोंड फिरवलं.

पिंजऱ्यांचं दुकान चढावर होतं. त्या वेळी तिथे एक जाडजूड म्हातारा बसायचा, तारा वाकवत. पांढऱ्या तारेचे, निळ्या लाकडाचे, वर घुमट असलेले पिंजरे. कॉन्स्टंटाईनच्या माणसाला पिंजरा दिसला की त्याचे पाय थांबतातच, घरात बायकोपेक्षा मकनीनचे लाड जास्त. इवलासा लाल तोंडाचा पक्षी, पण गायला लागला की समोरची गल्ली गप्प बसते. नवी नवरी झुलेखा तसला एक पिंजरा बघून म्हाताऱ्यासमोरच किंचाळली होती, "अय्या, किती सुंदर!" झालं. म्हाताऱ्याचा भाव तिथल्या तिथे दुप्पट झाला.

खमीसीने तिला बाहेर आणून समजावलं होतं, "आवडलं ते तोंडाने कधी बोलायचं नाही. हवी असेल त्या वस्तूला नावं ठेवायची. फारच हवी असेल तर डोक्याच्या रुमालाचं टोक ओढ, मी समजेन." त्यानंतर तीन दिवस दोघं रोज टेकडी चढून आली. ती नाक मुरडायची, रुमालाचं टोक ओढायची. तो उठून चालायला लागायचा. म्हातारा हाका मारून परत बोलवायचा, पाइन बिया घातलेला चहा पाजायचा. तिसऱ्या दिवशी पिंजरा मिळाला, वर म्हाताऱ्याने मोगऱ्याच्या कळ्यांची जुडी स्वतःच्या कानावरून काढून खमीसीच्या कानावर खोवली. पुढे सगळा संसार त्यांनी याच युक्तीवर उभा केला. कपाट, शिवणयंत्र, नझीमच्या लग्नाचं सोनं. किती वस्तूंना तिने "शी, काय हे ध्यान!" म्हटलं असेल, त्याला गणतीच नाही. तो पिंजरा मात्र गेल्या हिवाळ्यात वाऱ्याने खिडकीतून उडाला आणि खालच्या दरीत गेला. आतला शेवटचा पक्षी त्याआधीच म्हातारपणाने गेला होता, तेवढंच नशीब.

आता दुकानात म्हाताऱ्याची मुलगी होती. पन्नाशीची, बापासारखीच भरलेली, बाह्या वर सारलेल्या. मुंजिया तिचं नाव. बोलणं ऐकून तिने लगेच ओळखलं.

"अल्जीरियाचे ना? या काका, या मावशी. तुम्ही लोक दर उन्हाळ्यात आमचा अर्धा देश टॅक्सीत घालून नेता, हा एक पिंजरा तेवढा राहिलाय."

तिने काढून दाखवला तो हुबेहूब तसाच होता. झुलेखाने पिंजरा पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं आणि मुद्दाम, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अय्या, किती सुंदर!"

तिने वाट पाहिली. तो चिमटा काढेल, डोळे वटारेल, "चल चल, घरी काय कमी आहेत का" म्हणेल. खमीसीने पाकीट बाहेर काढलं.

"किती द्यायचे?" त्याने मुंजियाला विचारलं.

झुलेखा दुकानाबाहेर पडली.

खमीसी पिंजरा तिथेच सोडून धापा टाकत मागे आला, तेव्हा ती समुद्राच्या बाजूच्या कठड्यावर बसली होती.

"काय झालं? नको का तो?"

"सी खमीसी," ती म्हणाली. खमीसीसाहेब. रागाच्या टोकाला गेल्याशिवाय ती त्याला असं म्हणत नसे. "डॉक्टरने काय सांगितलं?"

"सांगितलं ना तुला, रक्त..."

"माझ्या रक्ताचं बघते मी. व्हरांड्यात दार ओढून काय सांगितलं ते बोल. नाहीतर मी इथून हलणार नाही. लोक जमले तर जमू देत."

त्याने उगाच खिसे चाचपले. मग तिच्या शेजारी बसला, आणि बसल्याबरोबर त्याचे खांदे हलायला लागले. एवढा मोठा माणूस, कठड्यावर बसून रडत होता. बंबलूनी खाणारी पोरं बघत होती. झुलेखाने त्याला रडू दिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पोटात गाठ आहे. यकृतापर्यंत गेलीय. पुढचा रमजान बघायला मिळणं कठीण आहे. नसेतून औषध देता येतं, महिनोन्महिने, केस जातात, अन्न पोटात ठरत नाही, आणि एवढं करून खात्री कशाचीच नाही. त्याच औषधाने बहिणीचे झालेले हाल त्याने पाहिले होते. नझीमशी बोलून त्याने ठरवलं, हिला काही सांगायचं नाही, छळायचं नाही. हिला हवं ते सगळं द्यायचं आणि उद्या सकाळच्या टॅक्सीने घरी न्यायचं.

"मग तू डॉक्टरला काय म्हणालास?"

"काय म्हणणार? बरं म्हणालो."

"बरं म्हणालास." झुलेखाने हात शालीत गुंडाळले, त्याच नव्या शालीत. खाली समुद्रात एक होडी अगदी सावकाश वळत होती. मरणाची भीती वाटत होती तिला, वाटणारच. पण त्या भीतीच्याही वर काहीतरी उसळून येत होतं.

"अरे, कोथिंबिरीसाठी तू बाजार डोक्यावर घेतोस! न्हाव्याशी भांडतोस! आणि त्या माणसाने माझा भाव सांगितला आणि तू बरं म्हणून आलास? पहिल्याच भावाला?"

"झुलेखा, हे काय बाजारातलं..."

"गप्प बस. जन्मात एकदाच पहिल्या भावाला कबूल म्हणालास, मला घरी आणताना. तेव्हा मला किती अभिमान वाटला होता, माहितीये तुला? आता मला देऊन टाकतानाही पहिल्याच भावाला कबूल? नाही आवडलं मला. अजिबात नाही आवडलं."

खमीसीने तिचा हात शालीतून शोधून काढला.

"फार त्रास होईल गं तुला."

"होऊ दे. माझा त्रास आहे, मी बघीन. केस गेले तर तू आणि मी सारखेच दिसू." तिने नाक पुसलं. "उद्याची टॅक्सी नको. उद्या सकाळी मला त्या डॉक्टरसमोर बसव. तो म्हणाला पुढचा रमजान, तर मी नाक मुरडणार. तू उठून चालायला लाग. बघू, मागून हाक मारतो की नाही."

"आणि नाही मारली तर?"

"तर नाही मारली. पण विचारल्याशिवाय मी जाणार नाही, आणि तू मला पाठवायचं नाहीस. कबूल?"

त्याने मान हलवली. "आधी फोन लावतो नझीमला. शिव्या देईल मला."

"दे इकडे, मी घेते शिव्या. आणि पिंजऱ्याचं काय?"

मुंजियाने दोघांना परत येताना पाहिलं आणि पिंजरा पुढे सरकवला. खमीसीने डोळे पुसले, चष्मा चढवला, तिपाई ओढून ऐसपैस बसला, आणि पिंजरा असा फिरवून पाहिला की झुलेखाला एकदम तो लग्नातला कोट आठवला, अंड्याचा डाग पडलेला.

"या घुमटाला डावीकडे कल आहे, पोरी."

"कल तुमच्या चष्म्याला आहे, काका."

"दाराची तार बघ. पक्षी काय, हत्तीसुद्धा निघून जाईल यातून."

"मग हत्ती ठेवू नका ना. मावशी, तुम्हीच सांगा काहीतरी यांना."

झुलेखाने पिंजऱ्याकडे पाहिलं. डोक्याच्या रुमालाचं टोक हळूच ओढलं. "शी!" ती म्हणाली. "काय ते ध्यान! ऊठ, चल इथून."

खमीसी उठला. मुंजियाने त्यांना बाहेर पडू दिलं, चार पावलं जाऊ दिलं, आणि मग बापाच्याच ठसक्यात हाक मारली, "अहो काका! जाताय कुठे? चहा तरी घ्या!"

पाइन बियांचा चहा झाला. शपथा झाल्या, आईबापाच्या चौकशा झाल्या, तिचे वडील कसे गेले ते तिने सांगितलं, खमीसीने त्यांच्यासाठी दुवा मागितली आणि लगेच पुन्हा घुमटावर आला. सूर्य उतरायला लागला तरी सौदा काही जमेना.

"उद्या या मग विचार करून," मुंजिया म्हणाली. "ठेवते मी बाजूला."

खमीसीने झुलेखाकडे पाहिलं.

"उद्या आम्हाला दुसरीकडे एक काम आहे," झुलेखा म्हणाली. "तिथून येऊ. नाही जमलं तर परवा येऊ."

"परवा येऊ," खमीसी म्हणाला. "आम्हाला काही घाई नाही."

उतारावर त्याने मोगऱ्याची जुडी विकत घेतली, भाव पाडूनच, आणि कानावर खोवली. मग थांबून तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, दुकानातल्या वस्तूकडे बघावं तसं.

"रुमाल वाकडा," तो म्हणाला. "नाक लाल झालंय. आणि काय ते ध्यान! असली बाई फुकट दिली तरी कोण घेईल?"

झुलेखा भर रस्त्यात त्याच्या दंडाला धरून हसली, आणि मग तसंच धरून, खाली स्टेशनपर्यंत चालत गेली.