क्रिस्पीनची हजेरी

दोन एप्रिलला चौकात माल्विनास बेटांसाठी इंग्रजांशी झालेल्या युद्धात पडलेल्यांची नावं पुकारतात. एकेका नावाला आधी घरचं माणूस "हजर" म्हणतं, मग सगळं गाव. क्रिस्पीन सोतेलोच्या नावाला त्याची धाकटी बहीण नेलीदा चाळीस वर्षं ओ देत आली होती.

यंदा यादी वाचायला पालिकेनं बोलावला कोण, तर निवृत्त कॅप्टन बर्तानी! कोर्रिएन्तेसच्या उकाड्यात वाढलेल्या अठरा वर्षांच्या क्रिस्पीनला त्या बेटांवरच्या गारठ्यात, तंबूबाहेर, हातपाय खुंट्यांना बांधून रात्रभर उताणा टाकणारा हाच तो हलकट. सकाळी पोराचं लाकूड झालं होतं. सरकारी कागदावर मात्र तोफगोळ्यानं गेला. खरं काय ते क्रिस्पीनच्या सोबत्यानं, तीतोनं, नेलीदाला सांगितलं. पण तोही आता वारला, आणि साक्षीला कुणी उरलं नाही.

"नेलीदाताई, आजच्या दिवशी भांडण नको," पालिकेच्या ओल्गाबाई म्हणाल्या.

"भांडण मी उकरलं का? माझ्या भावाचं नाव त्याच्या तोंडून नको. तेवढं एक दुसऱ्या कुणाला वाचू द्या."

"पाहुण्यांचा अपमान होईल."

"झाला तर झाला. मरत नाही तो."

पाहुणे पदकं लावून शेजारीच उभे होते. "बाई, असला कुणी पोरगा मला आठवतसुद्धा नाही," बर्तानी म्हणाला. "माझ्या तुकडीत कुणाला बांधलं-बिंधलं नव्हतं. कुठल्या दारुड्याचं ऐकून आलात?"

नेलीदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

नावं सुरू झाली. बर्तानीचा आवाज खणखणीत, यादी भराभर पुढं चालली.

"सोतेलो, क्रिस्पीन."

नेलीदा गप्प. घरचं माणूस बोलल्याशिवाय गाव बोलत नाही, त्यामुळे सगळा चौक तिच्याकडे बघत राहिला.

"सोतेलो, क्रिस्पीन!"

ती उठली. "तो येऊ शकत नाही, कॅप्टन. तुमच्या तंबूबाहेर बांधलेला आहे. आधी सोडा त्याला."

ओल्गाबाईंनी बँडवाल्यांना घाईघाईनं खूण केली. एकानंही वाद्य तोंडाला लावलं नाही.

बर्तानी लालबुंद झाला. "मेंढी चोरली होती त्यानं," तो माइकमध्येच गरजला. "युद्धात चोराला काय मांडीवर घेऊन बसायचं?"

चारी कोपऱ्यांतल्या भोंग्यांनी ते गावाला ऐकवलं.

"आठवला म्हणायचा," नेलीदा म्हणाली आणि खाली बसली.