पाय घसरला, असं मी सांगितलं

रुपाच्या तेरवीनंतर चौथ्या दिवशी सासरे करडीहून आले आणि माझ्यासमोर एक टाइप केलेला अर्ज ठेवला. अर्ज रिता सिस्टरच्या विरोधात होता. सिस्टर आमच्या गावच्या उपकेंद्रात कंत्राटावर आहे. तिने हलगर्जीपणा केला, गाडी उशिरा बोलावली, म्हणून माझी बायको मेली, असं त्यात लिहिलं होतं. खाली माझं नाव आणि सहीसाठी रेघ.

"करा सही, जवाईबापू," कृष्णराव, म्हणजे माझे सासरे, म्हणाले. "गावातल्या चाळीस लोकायनं केली. तुमचीच राहिली."

मी पेन घेतला नाही.

"गावभर भिंती रंगवता. कागदावर आपलं नाव लिहायले हात काहून उचलत नाही?"

मी पेंटर आहे. शाळा, पंचायत, दवाखाना, जिथे सांगतील तिथे अक्षरं काढतो.

सिस्टरची चूक नव्हती. हे फक्त मला माहीत होतं. सही केली तर तिची नोकरी जाणार होती. खरं सांगितलं तर माझ्या पोरी जाणार होत्या. मोठी तृप्ती सहा वर्षांची, धाकटी दहा महिन्यांची. सासरे आधीच दोनदा म्हणाले होते की पोरी करडीला नेतो. मी नाही म्हणालो होतो, आणि त्यांनी ऐकलं होतं, कारण त्यांच्या लेखी माझा काही दोष नव्हता.

"उद्या करतो," मी म्हणालो.

"उद्या डॉक्टरबाई येऊन राहिली चौकशीले. तिच्या हातातच देऊ."

रुपाला दिवस गेल्याचं आम्हाला उशिरा कळलं. धाकटी अंगावर पीत होती, त्यामुळे पाळी आली नाही याचं तिला काही वाटलं नाही. कळलं तेव्हा तिसरा महिना सरला होता. मुलं बंद करायचं ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं आमचं ठरलं होतं.

"अजी, मले हे तिसरं नाही जमत," ती म्हणाली. "आता कुठं उठून उभी राहिली मी. रिता सिस्टरले विचारू का?"

"येडी झाली का? गुन्हा आहे तो. सिस्टरनं वर कळवलं तर दोघंही आत."

"तुमी वकील कधीपासून झाले?"

"मीच तर लिहिलं उपकेंद्राच्या भिंतीवर. रोज तिथूनच जातं ना तू?"

ते तिनेही वाचलं होतं.

माझ्यासोबत काम करणारा बंटी म्हणाला, "पाच गोळ्यायचं पाकीट भेटते. सर्दीपेक्षा सोपं काम आहे भाऊ. माझ्या वहिनीनं घेतलं, दुसऱ्या दिवशी भाकरी थापत होती." मी बाजाराच्या गावी जाऊन एका मेडिकलमधून ते आणलं. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही. किती महिने झाले हेही विचारलं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं.

रक्त सुरू झालं तेव्हा आम्हाला बरं वाटलं. ते थांबलं नाही. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, रोवण्याचे दिवस होते, बायांच्या टोळीने शेताच्या बांध्या गुत्त्याने, ठरलेल्या रकमेवर, घेतल्या होत्या, एक बाई कमी पडली तर बाकीच्यांवर भार. रुपा चौथ्या दिवशी चिखलात उतरली. मी डबा घेऊन गेलो होतो तेव्हा टोळीतली बायजाबाई तिला म्हणत होती, "काहून वो रुपा, पऱ्हे लावून राहिली का मोजून राहिली? नवऱ्यानं झोपू नाही देलं का?" बाया हसल्या. रुपाही हसली. तिचे ओठ पांढरे होते, ते मी पाहिलं.

आठव्या दिवशी ताप आला. ती म्हणाली, "सिस्टरकडे जाऊ." मी म्हणालो, "दोन दिवस थांब, साफ होऊन राहिलं." दहाव्या दिवशी ती बांधीतच पडली.

बायांनी तिला उचलून उपकेंद्रात आणलं. मी शाळेच्या कामावरून पळत आलो. सिस्टरने मला बाजूला घेऊन विचारलं, "हिले दिवस होते का? काही गोळ्या घेतल्या का?"

"नाही."

"भाऊ, खरं सांगा. काही घेतलं असंन तर मले आत्ता पाहिजे."

"काही नाही. बांधीच्या धुऱ्यावरून पाय घसरला, पडली."

रुपा टेबलावर होती. तिचे डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्या देखत सांगितलं. तिने मला खोटं पाडलं नाही.

सिस्टरने लगेच फोन केला. गाडी दुसऱ्या गावी गेली होती, यायला सव्वा तास लागला. तेवढा वेळ सिस्टर सलाईन हातात धरून उभी होती, खुंटी तुटली होती म्हणून. मोठ्या दवाखान्यातही मी तेच सांगितलं, पाय घसरला. त्यांनी आधी पोटाला मार लागला का ते पाहिलं. गर्भ अर्धा आत राहिला आहे आणि रक्तात विष गेलं आहे, हे त्यांना कळेपर्यंत दिवस मावळला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

दवाखान्याच्या कागदावर गर्भ पडल्याचं आलं. सासरच्यांना मी सांगितलं की पडल्यामुळे तसं झालं. त्यांनी ते मानलं. मग कोणाचा तरी दोष असायलाच पाहिजे होता, आणि उपकेंद्रात सिस्टर एकटीच होती.

सासरे अर्ज घेऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तालुक्याच्या डॉक्टर मॅडम आल्या. सोबत रिता सिस्टर होती. ती आत आली नाही, दाराशीच उभी राहिली. आतल्या खाटेवर सासरे आणि सासू, चंद्रभागाबाई, बसले होते. अर्ज सासऱ्यांच्या मांडीवर होता. धाकटी माझ्या खांद्यावर झोपली होती.

"बाळंतपणात किंवा गरोदरपणात बाई दगावली की आम्ही प्रत्येक घरी जातो," मॅडम म्हणाल्या. "कोणाला शिक्षा करायला नाही. पुढची वाचावी म्हणून. सुरुवातीपासून सांगा. दिवस आहेत हे कधी कळलं?"

सासरे म्हणाले, "ते काय सांगतीन? आमचा अर्ज वाचा. या बाईनं गाडी वेळेवर बोलावली नाही."

सिस्टरने मान वर केली नाही. तिच्या हातातल्या फायलीचा कोपरा ती दुमडत होती आणि सरळ करत होती. मॅडमनी अर्जासाठी हात पुढे केला.

मी म्हणालो, "सिस्टरनं मले दोनदा विचारलं होतं. मी खोटं सांगितलं."

मग सगळं सांगितलं. गोळ्या, मेडिकल, दहा दिवस. सांगताना मी खाटेकडे बघितलं नाही. मॅडम लिहीत होत्या. शेवटी त्यांनी पेन थांबवला.

"आधीच उपकेंद्रात का नाही आणलं?"

"गुन्हा आहे ना मॅडम."

"कोणी सांगितलं?"

"भिंतीवर लिहून आहे. उपकेंद्राच्या."

"गुन्हा नाही," मॅडम म्हणाल्या. "साधन फसलं, मूल नको, एवढं कारण पुरतं. वीस आठवड्यांपर्यंत सरकारी दवाखान्यात करून मिळालं असतं, फुकट, आणि तिचं नाव बाहेर गेलं नसतं. तुम्ही आणल्या त्या गोळ्या नऊ आठवड्यांच्या आतल्या बाईला, त्याही डॉक्टरने द्यायच्या असतात."

सिस्टर पहिल्यांदा बोलली. "भिंतीवर तपासणीचं लिहून आहे, भाऊ. पोरगा का पोरगी पाहून पाडायचं, त्याचं."

"नाही सिस्टर," मी म्हणालो, आणि बोलता बोलताच मला आठवलं.

पंचायतीच्या सचिवाने मला चिठ्ठी दिली होती, 'गर्भलिंग तपासणी करून गर्भपात करणे कायद्याने गुन्हा आहे.' अक्षरं रस्त्यावरून दिसली पाहिजेत, असं बजावलं होतं. भिंतीच्या मध्येच खिडकी. एक फुटाची अक्षरं धरली तर ओळ मावत नव्हती. आम्ही पेंटर लोक असं नेहमी करतो, जागा कमी पडली की काही शब्द सोडतो, मुद्दा राहिला म्हणजे झालं. मी पहिले तीन शब्द सोडले. गर्भपात करणे कायद्याने गुन्हा आहे, एवढंच लिहिलं. सचिवाने बघितलं, बिल पास केलं. चार वर्षं झाली. त्या भिंतीखालून सिस्टर रोज गेली, गाव गेलं, कोणाला काही खटकलं नाही. शब्द मी सोडले होते हे मीही विसरलो, आणि उरलेलं खरं मानायला लागलो.

हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. मॅडमनी तेही लिहून घेतलं. सिस्टर दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली.

चंद्रभागाबाई खाटेवरून पुढे सरकली. तिने विचारलं, "पोरगा पाहिजे होता ना तुमाले?"

"नाही मामी. आम्हाले तिसरं पाहिजेच नव्हतं."

"दोन पोरीच आहेत म्हणून पाडलं, असंच म्हणतीन लोक."

"म्हणू द्या. तसं नव्हतं."

"मंग दवाखान्यात काहून नाही नेलं?"

"भ्यालो."

"रुपा भ्याली होती का?"

मी हो म्हणू शकलो असतो. ते कोणी तपासणार नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "ती पहिल्या दिवसापासून सिस्टरकडे जाऊ म्हणत होती. मीच जाऊ नाही देलं."

सासऱ्यांनी अर्ज फाडला नाही. चार घड्या करून खिशात ठेवला, उठले, आणि मॅडमना नमस्कार करून बाहेर गेले. थोड्या वेळाने रस्त्यावर ऑटो थांबल्याचा आवाज आला.

सासूने तृप्तीचे कपडे पिशवीत भरायला घेतले. मी अडवलं नाही. काल अडवलं असतं. तृप्ती शाळेतून आली नव्हती. सासरे तिला तिथूनच घेणार होते.

चंद्रभागाबाईने माझ्यासमोर येऊन हात पुढे केले. मी धाकटीला खांद्यावरून काढून तिच्याकडे दिलं. पोरीने झोपेतच तोंड वाकडं केलं.

"बाटली लवकर तोंडात घेत नाही," मी म्हणालो. "आधी बोटाला लावून चाटवा लागते. मंग घेते."

"किती वेळा?"

"दिवसाले पाच. रात्री दोनदा उठते."

तिने मान हलवली, पदर पोरीच्या डोक्यावरून घेतला आणि उंबऱ्यावर बसलेल्या सिस्टरला ओलांडून बाहेर गेली.