सहा हजारांची मी, दोन हजारांची ती

मी गिटार बोलतेय. साधीसुधी नव्हे, सहा हजार युरोंची. स्पेनमधल्या ग्रनादात किल्ल्याकडे चढणाऱ्या गल्लीत इलारियोचं दुकान आहे, तिथे समोरच्या भिंतीवर अगदी मधोमध टांगलेली आहे ती मी. किंमत आधीच सांगून टाकते, कारण लोक तेवढीच विचारतात आणि मागे सरतात.

एकाच हिवाळ्यात इलारियोने आम्हा दोघींना घडवलं. दोघींची पुढची फळी एकाच ओंडक्यातली, म्हणून आम्ही बहिणी. बाकी कशात काही साम्य नाही. माझी पाठ शिसवीची. ते लाकूड तुमच्याच बाजूचं, सह्याद्रीतून जहाजाने आलेलं. तिची पाठ सायप्रसची, म्हणजे इथल्या दफनभूमीच्या कडेला जे झाड लावतात ना, त्याची. पिवळट, हलकी, काडेपेटीसारखी. इलारियोची मुलगी त्रिनी मला लाखेचं पॉलिश करत दोन महिने बसली होती. बहिणीला तिने तीन आठवड्यांत उरकलं. माझ्या भोकाभोवती शिंपल्याची नक्षी आहे, तिच्याभोवती नुसतं रंगीत लाकूड. तेव्हा मला तिची कीवच यायची.

मग एका सकाळी निकासिओ आला. हा गाणाऱ्यांच्या साथीला वाजवणारा, इकडे सगळ्यांना ठाऊक असलेला माणूस. सोबत त्याची आत्या सालूद, सत्तरीतली, जाडजूड, गाणारी. निकासिओने आम्हा दोघींना खाली उतरवलं. बाजारात कलिंगड बघतात तसं पाठीवर ठोकून बघितलं, मानेवरून एक डोळा मिटून नजर टाकली, भोकाला नाक लावून वासही घेतला. आत्याने मात्र आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"हे काय, सालूदबाई?" इलारियो म्हणाला. "बघा तरी!"

"डोळे लाच खातात रे," ती म्हणाली. "वाजव, निकासिओ."

आधी माझी पाळी होती. माझ्यात होतं नव्हतं ते सगळं मी ओतलं. एकेक सूर असा घुमला की रस्त्यावरून जाणारे दोघे प्रवासी दारात थबकले. मी मनात म्हटलं, झालं, आता ही मला घेऊनच जाणार.

"गोड आहे," आत्या भिंतीला म्हणाली. "पण ही पाहुणी आहे. उठायचं नावच घेत नाही. मी श्वास कधी घ्यायचा?"

मग त्याने बहिणीला वाजवलं. कोरडा, ठसकेबाज आवाज. बोलली आणि गप्प झाली. तारा किंचित किरकिरतसुद्धा होत्या.

"हीच घे. ही वाट सोडते," आत्या म्हणाली.

इलारियोचा चेहरा उतरला. "अहो, ती दुसरी शिसवीची आहे! कारागिरी तर बघा तिची."

"कारागिरी काय गळ्यात बांधून गाऊ?"

निकासिओ हसला आणि दोन हजारांत तिला घेऊन गेला. मी परत खिळ्यावर. त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत थांबलेलं नाही. उगाच चांगुलपणा कशाला दाखवू? मी जळले. सख्ख्या बहिणीवर जळले.

तिला निदान तोंड तरी लपवायची बुद्धी व्हावी! पण नाही. दर चार-सहा महिन्यांनी ती दुकानात यायची, कधी मानेवरचे पडदे झिजले म्हणून, कधी खुंटी सैल झाली म्हणून. अंगाला तळलेल्या माशांचा आणि वाइनचा वास. बोटं आपटण्यासाठी पुढे चिकटवलेली पट्टी नखांनी पांढरी पडलेली. गळ्याजवळची लाख निकासिओच्या हाताने पार निघून गेलेली. आणि तो तिला कसा धरायचा! घरची असल्यासारखा. सगळ्यांत मोठी विटंबना म्हणजे, दुरुस्तीनंतर तो तिच्यावर एक सूर छेडायचा आणि भिंतीवर माझ्या तारा आपोआप गुणगुणू लागायच्या. जीव जळत असताना तिच्या सुरात सूर मिळवायचा!

या वसंतात मात्र निकासिओ तिला घोंगडीत गुंडाळून घेऊन आला. लग्नात कुणाच्या तरी खुर्चीवर ठेवली होती, आणि त्याचा मेहुणा हातात ताट घेऊन मागे न बघता बसला. एक बाजू उभी फुटली होती.

"तीन आठवडे लागतील," इलारियो म्हणाला.

"आणि रविवारी माझ्या नातीचा बाप्तिस्मा आहे, त्याचं काय?" आत्या कडाडली. "मेहुण्याला वाजवू का?"

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला. त्रिनीने माझ्याकडे बोट दाखवलं. "बाबा, हिला न्या म्हणावं दोन दिवस." इलारियो नाही नाही म्हणत होता, पण मुलीपुढे त्याचं कधी चालत नाही. दोन वर्षांनी मी पहिल्यांदा दाराबाहेर पडले.

रविवारी दुपारी टेकडीवरच्या अंगणात तीसेक माणसं होती. बाळ झोपलेलं, मोठे आरडाओरडा करत होते. आत्या खुर्चीत बसली, गुडघ्यावर मुठीने ठेका धरला. निकासिओने सुरुवात केली आणि मी ठरवलं, आज दाखवतेच. तिने दोन ओळी गायल्या, मी घुमले. तिने श्वास घेतला, मी घुमतच होते. ती थांबली.

"निकासिओ, या बाईसाहेबांना सांग, मी बोलताना मध्ये बोलू नका म्हणावं."

सगळं अंगण हसलं. मेहुणा तर सगळ्यांत मोठ्याने. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आत्याने बाहीतून रुमाल काढला, घडी घातली आणि माझ्या तारांखाली, जिथे त्या बांधलेल्या असतात तिथे, खुपसला. सहा हजारांच्या गिटारच्या तोंडात बोळा!

"आता वाजव."

निकासिओने वाजवलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. कोरडा, आखूड. सूर निघायचा आणि संपायचा. आणि मग मध्ये मोकळी जागा उरायची. त्या जागेत तिचा आवाज आला. चिरका, म्हातारा, कुठून तरी खोलवरून खेचून काढलेला. ती मेलेल्या नवऱ्याबद्दल गात होती. मी गप्प झाले तेव्हा कुठे मला तिचं गाणं ऐकू आलं. निकासिओची बोटं माझ्यावर आपटत होती, नख लागून पट्टीच्या कडेबाहेर एक ओरखडा उठला, पण मला काही वाटलं नाही. कुणीतरी "ओले" म्हणालं, म्हणजे इकडची वाहवा, अगदी हळू. मेहुण्याचे डोळे पाणावले होते.

गाणं संपल्यावर आत्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "हां. आता आली माणसात."

मंगळवारी ते मला परत करायला आले. निकासिओ मला काउंटरवर ठेवेना. "इलारियो, हीच ठेवली तर? रुमाल घालून..."

इलारियो लाल झाला. "माझ्या शिसवीत रुमाल? कायमचा? मग मी हिवाळाभर काय झक मारली? आणि सहा हजार आहेत तुझ्याकडे?"

निकासिओने मला काउंटरवर ठेवलं. आत्या म्हणाली, "चल रे. आपली ती फुटकी बरी. तिच्या तोंडात काही कोंबावं लागत नाही." पण जाताना तिने मला वळून पाहिलं. लाच खाणाऱ्या त्याच डोळ्यांनी. रुमाल काढून घेतला आणि बाहीत ठेवला.

आज बहीण परत निकासिओकडे आहे. इलारियोने तिची बाजू जोडली, पण सांधा लपत नाही, उभा व्रण स्पष्ट दिसतो. ती तो मिरवत फिरते. मी अजून जळतेच, पण आता तिच्या नशिबावर नाही, त्या व्रणावर.

कारण परत आल्यावर इलारियोने मला उजेडात धरलं, ओरखडा पाहिला आणि शिव्या देत त्रिनीला हाक मारली. पोरगी कापसाचा बोळा, लाख आणि स्पिरिट घेऊन बसली. फार नाजूक हात आहे तिचा. गोल गोल फिरवत तिने तासाभरात तो मिटवला. आता शोधूनही सापडायचा नाही. "राहू दे गं तेवढा, तेवढाच आहे," असं मी जीव तोडून सांगत होते. पण कुणी छेडल्याशिवाय मला आवाज फुटत नाही.